स्प्रे पर्समध्ये ठेव, ‘अद्दल’ घरी ठेव

‘वकील मॅडम, नमस्कार. मी २४ वर्षांची, मूळची सांगोल्याची. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि भोसरीत दिघी रोडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस मेन रोडला सोडते, तिथून खोलीपर्यंत बारा मिनिटं चालावं लागतं. गेला दीड महिना एक मुलगा टपरीपाशी थांबलेला असतो. मी उतरले की मागून चालत येतो, गाणी म्हणतो, एकदा नाव विचारलं. हात लावलेला नाही. बाबांना अर्धवटच सांगितलं, तर त्यांनी पेपर स्प्रे घेऊन दिला. आता रूममेट म्हणते की हे बेकायदेशीर आहे, पोलिसांनी पर्स तपासली तर उलट तुलाच आत टाकतील. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने तो काढून घेतला आणि सुटताना परत दिला. माझे प्रश्न असे : स्प्रे जवळ ठेवणं गुन्हा आहे का? त्या मुलाच्या तोंडावर एकदाच मारून कायमची अद्दल घडवली तर चालेल का? आणि पुढच्या महिन्यात ट्रेनिंगसाठी विमानाने दिल्लीला जायचंय, तेव्हा सोबत नेता येईल का?’

सांगोल्याच्या लेकी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत होतं, तिसऱ्याचं दोन ओळींत. पत्र वाचताना मी थबकले ती मधल्या प्रश्नाशी, आणि त्यातही एका शब्दाशी : ‘अद्दल’. कोर्टात अख्खा खटला कधीकधी अशा एका शब्दावर फिरतो, म्हणून आजचं बरंचसं सदर त्या शब्दाला देणार आहे.

पण आधी रूममेटची भीती घालवते. पेपर स्प्रे विकत घेणं, पर्समध्ये ठेवणं, हातात धरून रस्त्याने चालणं, यातलं काहीही गुन्हा नाही. बंदूक-पिस्तुलाला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, तसा याला लागत नाही. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत उघडपणे मिळतो. पोलिसांनी नाकाबंदीत पर्स उघडली आणि आत ही डबी दिसली, तर ‘रात्री एकटी चालत जाते, म्हणून ठेवते’ एवढं खरं उत्तर पुरेसं आहे.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेव. सणासुदीला, निवडणुकीला किंवा कुठे तणाव असला की ‘शहरात कलम ३७ लागू’ अशी बातमी तू वाचली असशील. ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधलं कलम. त्याखालच्या आदेशात तलवारी, लाठ्या, चाकू यांच्याबरोबर ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ बाळगायलाही मनाई करता येते. या शब्दांत काय बसत नाही? उद्या छत्रीही बसेल. कामावरून घरी निघालेल्या मुलीच्या पर्समधल्या डबीवर कुणी हे कलम लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण मोर्चा, सभा, मिरवणूक अशा ठिकाणी जाताना ती खोलीवर ठेवून जा. गर्दीत तिचा उपयोग नाही आणि सापडली तर उत्तरं देत बसावं लागेल.

कंपनीच्या गेटचं म्हणशील तर ती त्यांची जागा आहे. आत काय न्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा. डबी दाबाखालची आहे, बऱ्याचदा पेट घेणारीही असते. शॉप फ्लोअरवर ती नको म्हणणं चूक नाही. रजिस्टरमध्ये नोंद करून जमा करायची आणि सुटताना सही करून घ्यायची, एवढी पद्धत लावून घे. नोंद राहिली की तू ही डबी रोज का बाळगत होतीस याचाही आपोआप कागद तयार होतो. कसा उपयोगी पडतो ते पुढे येईलच.

आता अद्दल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाचा हक्क नव्या संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. शब्द बहुतेक जुनेच. त्यातली दोन कलमं तुझ्या कामाची. कलम ४० सांगतं की हल्ल्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे अंगाला धोका आहे अशी रास्त भीती वाटली की तुझा हक्क सुरू होतो. पहिली थप्पड खाईपर्यंत थांबायची गरज नाही. पण तेच कलम पुढे म्हणतं की भीती असेल तोवरच हक्क आहे. भीती सरली की हक्कही सरला. आणि याच संहितेचं कलम ३७ (मघाचं पोलीस अधिनियमातलं नव्हे) म्हणतं, बचावाला लागेल तेवढंच करायचं, त्याहून जास्त नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क मिळत नाही.

हे तुझ्या रस्त्यावर आणून बघू. समज, मंगळवारची रात्र. तू बसमधून उतरलीस, तो मागे आला, बंद दुकानाच्या शटरपाशी पुढे येऊन आडवा उभा राहिला आणि त्याने बॅगेचा पट्टा धरला. तू स्प्रे मारलास आणि पळालीस. हे स्वसंरक्षण. त्याने अजून अंगाला हात लावला नव्हता, असं त्याच्या वकिलाने कितीही सांगितलं तरी.

आता गुरुवारची रात्र. तोच मुलगा टपरीच्या बाकड्यावर कटिंग पीत बसलाय. तू उतरलीस, दीड महिन्याचा राग डोक्यात, सरळ चालत गेलीस आणि तोंडावर मारलास. मुलगा तोच, डबी तीच, रस्ता तोच. पण या रात्रीची आरोपी तू आहेस. कलम ११८(१) मध्ये घातक हत्यारांबरोबरच, श्वासातून आत गेल्यास शरीराला अपाय करणाऱ्या पदार्थाने केलेली दुखापतही येते. तीन वर्षांपर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिरचीचा अर्क त्या शब्दांत कसा चपखल बसतो ते वेगळं सांगायला नको. शिवाय टपरीवरचे चार जण साक्षीला, आणि त्या चौघांनी ते दीड महिन्याचं गाणं ऐकलेलंच नाही.

हे मी तुला घाबरवायला रचलेलं नाही. बेंगळुरूमध्ये मालमत्तेच्या वादातून एका सुरक्षारक्षकावर पेपर स्प्रे मारल्याचं प्रकरण २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आलं. ‘आम्ही स्वसंरक्षणासाठी मारला, गुन्हा रद्द करा,’ ही मागणी न्यायालयाने फेटाळली. जिवाला तातडीचा धोका दिसत नाही, असं म्हणत तपास होऊ दे असा आदेश दिला. पेपर स्प्रेला घातक हत्यार ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं आणि अमेरिकेतल्या एका न्यायालयाने तो घातक मानल्याचा दाखला दिला. ही शिक्षा नव्हे, फक्त गुन्हा रद्द न होणं. पण ‘स्प्रेच तर आहे, त्याने काय होतंय’ हा युक्तिवाद यापुढे हसत हसत करता येणार नाही, एवढं त्यातून दिसतं.

मंगळवार आणि गुरुवारच्या मधली रात्र तू प्रत्यक्षात रोज काढतेस. तो दहा-बारा पावलं मागे आहे, गातोय, हात लावत नाही. त्या रात्री स्प्रे हातात बाहेर काढलेला असू दे, अंगठा झाकणावर. थांबून, वळून, मोठ्या आवाजात ‘मागे यायचं नाही’ म्हण. आजूबाजूच्या खिडक्या उघडतील इतक्या मोठ्याने. यात गुन्हा काही नाही, आणि तू स्पष्ट नकार दिलास याला साक्षीदार मिळतात. तो झपझप अंतर तोडत आला किंवा वाट अडवली तर तुझी भीती रास्त ठरते, मग दाब. ऐनवेळी किती वेळ दाबला, अर्धा सेकंद की दोन, याचा हिशेब न्यायालय सोनाराच्या काट्यावर करत नाही. जीव मुठीत धरलेल्या माणसाकडून तेवढं मोजमाप अपेक्षित नाही, हे आपली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण तो खाली बसला, डोळे धरून ओरडतोय, आणि तू परत जाऊन दुसऱ्यांदा मारलास, तर तो दुसरा फवारा पुन्हा गुरुवारचा.

आता या डबीत आहे काय आणि ती करते काय, तेही कळू दे. विकणारा ते सांगत नाही. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे होतो त्याचा तेलकट अर्क दाबाखाली भरलेला असतो. डोळ्यांत गेला की पापण्या आपोआप मिटतात, उघडायच्या म्हटल्या तरी उघडत नाहीत. नाक-घसा पेटतो, खोकला सुटतो. बहुतेकांना अर्ध्या-पाऊण तासात दिसायला लागतं, चुरचूर त्यानंतरही राहते. दम्याच्या माणसाला मात्र हा खेळ नाही, त्याचा श्वास अडकू शकतो. पाण्यात हा अर्क नीट विरघळत नाही म्हणून नुसत्या एका शिंपडण्याने काही होत नाही. चोळायचं नाही, मोकळ्या हवेत जायचं, लेन्स असतील तर काढायच्या, डोळे वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचे, त्वचा साबणाने धुवायची. तेल किंवा क्रीम लावलं की आग पसरते. हे तुलाही लागेल, कारण वारा तुझ्याकडे वळला तर डबी कुणाची आहे ते त्याला ठाऊक नसतं.

माझा स्वतःचा प्रताप सांगते. वकिलीच्या पहिल्या वर्षांत रात्रीच्या एसटीने फिरायचे तेव्हा स्प्रे कुठला मिळायला! आई कागदाच्या पुडीत घरचं तिखट बांधून द्यायची, लवंगीचं, मुद्दाम. ब्याडगीचं दिलं असतं तर समोरच्याचं तोंड फक्त लाल झालं असतं. दोन वर्षं ती पुडी पर्सच्या तळाशी. एकदा स्टँडवर सुटे पैसे काढायला हात घातला, पुडी केव्हाची फुटलेली, बोटं तिखटात बरबटली आणि पुढच्या मिनिटाला सवयीने डोळा पुसला. मिरची कांडपाच्या गिरणीसमोरून नाकाला पदर लावून जाणारी बाई बघितली असशील. माझी अवस्था तिच्या दसपट. कंडक्टरने बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं. ज्याच्यासाठी पुडी बांधली तो हल्लेखोर काही आयुष्यात भेटला नाही.

म्हणून तुझी डबी डब्याखाली, छत्रीखाली नको. बस भोसरीत शिरली की ती हातात आली पाहिजे. वर छापलेली मुदत बघून घे. मुदत गेली की आतला दाब कमी होतो आणि फवारा दोन मीटर जाण्याऐवजी बुटावर गळतो. एकदा मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, मैत्रिणींना मागे उभं करून, क्षणभर दाबून बघ. झाकण कुठल्या बाजूने उघडतं, धार जाते की धुकं, किती लांब जातं, हे अंधारात शिकायची गोष्ट नव्हे. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नकोस.

आणि बंद जागेत अगदीच नाइलाज झाल्याशिवाय नको. बस, लिफ्ट, लोकलचा डबा. १३ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगण विधेयकाच्या वेळी विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी लोकसभेत पेपर स्प्रे मारला. एवढं प्रचंड सभागृह, तरी खासदार खोकत, डोळे पुसत बाहेर पळाले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. आपण स्वसंरक्षणासाठी मारला, असं त्यांचंही म्हणणं होतं. तीसजणांच्या कंपनी बसमध्ये मारलास तर त्यातल्या दम्याच्या बाईंना तुझी बाजू समजावून सांगायला वेळ मिळणार नाही.

समजा खरंच मारावा लागला. मग तिथे थांबायचं नाही, उजेडात, माणसांत जायचं आणि ११२ ला फोन करायचा. पहिला फोन तुझा असला पाहिजे, त्याचा नको. बऱ्याच मुली ‘सुटले बाई’ म्हणून खोलीवर जाऊन कडी लावतात, आणि सकाळी तो डोळ्यांना पट्टी बांधून फिर्यादी झालेला असतो. डबी फेकू नकोस, पुरावा आहे. हातावर ओरखडे असतील, बाही फाटली असेल तर धुण्या-शिवण्याआधी पोलिसांना दाखव आणि वैद्यकीय तपासणीचा आग्रह धर. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण जपून ठेवायला पोलिसांना लेखी सांग, काही दिवसांत त्यावर नवं चढतं. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुझ्यावर येते. ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तुझं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं की भागतं. गेटवरचं ते रजिस्टर इथे कामाला येतं. आणि रूममेटला हेही सांग की सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. ‘आत टाकतील’ हे तितकं सोपं नाही.

पण मला खरं सांग, दीड महिना झाला, आणि तू अजून पोलिसांकडे गेली नाहीस, ते का? ‘हात लावलेला नाही’ म्हणून? अगं, हात लावायची वाट बघायला कायद्याने सांगितलेलंच नाही. बाईने स्पष्ट नाराजी दाखवूनही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ चा गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. ती गाणी, ते बोलणं यांना कलम ७९ आहे. आणि न्याय संहितेचं मघाचं कलम ३७ आठव : पोलिसांकडे जायला सवड असताना हक्क मिळत नाही. दीड महिना ही सवडच आहे, असं उद्या तुझ्याविरुद्ध म्हणता येईल. तक्रार दिलेली असेल तर तेच दीड महिने तुझ्या बाजूने बोलतात.

वहीत तारखा लिही : कुठल्या रात्री, किती वाजता, काय म्हणाला. बसमधून तुझ्याबरोबर कोण उतरतं त्याचं नाव. मग ठाण्यात जा, तक्रार लेखी दे आणि एफआयआरची प्रत माग, ती फुकट मिळते. तुमच्या भागात भोसरी पोलीस ठाणं वेगळं आणि दिघीचं वेगळं. ‘ही आमची हद्द नाही’ असं कुणी म्हणालं तर सांग की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे वाक्य पाठ करून जा. कलमाचा आकडा ऐकला की टेबलापलीकडचा माणूस सरळ बसतो, हा माझा अनुभव. पोलिसांच्या दामिनी पथकाने त्या टपरीला शिफ्ट सुटायच्या वेळी दोन फेऱ्या मारल्या तरी पुष्कळ मुलांचं गाणं तिथेच संपतं.

दुसरा अर्ज कंपनीला. संध्याकाळी ७ नंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि त्यांच्या सुरक्षेची, ये-जा करण्याची सोय ही मालकाची जबाबदारी आहे. ‘मेन रोडला सोडलं की झालं’ हे चालणार नाही. तुझ्यासारख्या आणखी तिघी-चौघी त्या बसमध्ये असतील. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज एचआरला द्या, पोच घ्या, बस दारापर्यंत मागा. बारा मिनिटांचा रस्ता पुसला गेला असता तर अर्धं पत्र तुला लिहावंच लागलं नसतं.

विमानाचं राहिलं. पेपर स्प्रे केबिनच्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. विमानात डबी गळाली तर काय होईल ते लोकसभेवरून ओळख. पुण्याला स्कॅनरवर सापडली तर काढून टाकायला लावतील, उशीर होईल तो वेगळाच. खोलीवर ठेवून जा, दिल्लीत उतरल्यावर हवी तर दुसरी घे. कंपनी पुढेमागे परदेशी पाठवणार असेल तर त्याहून सांभाळ. ब्रिटनमध्ये १९६८ च्या बंदुकांच्या कायद्यातच याला बंदी आहे, नुसता खिशात सापडला तरी गुन्हा. लंडनला शिकायला निघालेल्या लेकीच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी आया प्रेमाने हा स्प्रे सरकवतात, त्यांनी हे वाचलं तर बरं.

आणि बाबांना अर्धवट सांगितलंस, ते उरलेलं अर्धं आज रात्रीच सांग. चिडतील, ‘नोकरी सोड’ म्हणतील, मग सांगोल्याहून रात्रीची एसटी पकडून येतील. येऊ देत. ठाण्याच्या बाकड्यावर दोन तास बसायचं तर शेजारी आपलं माणूस असलेलं बरं.